अनेक भाषांचा डेटा ठेवायचाय? मग डेटाबेसचा कॅरेक्टर सेट असा निवडा

एखाद्या युजरचं नाव स्क्रीनवर ????? असं दिसलं की नवीन माणसाला वाटतं फॉन्टचा प्रॉब्लेम असेल, फॉन्ट टाकला की होईल नीट. पण बहुतेक वेळा तसं नसतं. जे अक्षर कॅरेक्टर सेटमध्ये सापडलं नाही त्याच्या जागी डेटाबेसने खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहून ठेवलेलं असतं आणि मूळ अक्षर कुठेच उरलेलं नसतं, बॅकअपमध्येही नाही, कारण ते कधी आत पोचलंच नव्हतं. मी हे पहिल्यांदा बघितलं ते नोंदणीच्या एका टेबलमध्ये, शेकडो नावं अशी झालेली, आणि शेवटी त्या सगळ्यांना मेल पाठवून नाव परत भरा म्हणावं लागलं. कुणाला त्याचं स्वतःचं नाव दुसऱ्यांदा विचारणं मला अजूनही बरं वाटत नाही, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

पायरी १: दोन निर्णय आहेत, एक नाही

कॅरेक्टर सेट म्हणजे अक्षर कोणत्या बाइट्समध्ये साठवायचं ते. कोलेशन म्हणजे दोन अक्षरांची तुलना कशी करायची, कोण आधी कोण नंतर, कोण समान, ते. सगळे लोक पहिल्यावर डोकं खाजवत बसतात आणि दुसरं डिफॉल्टवर सोडून देतात, खरं तर उलटं करायला पाहिजे, कारण पहिल्याचं उत्तर आज जवळपास ठरलेलं आहे, यूटीएफ-८ घ्या, आणि विचार करायला लागतो तो दुसऱ्यात.

यूटीएफ-८ का ते पटकन सांगतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक नंबर असतो, असे एकूण ११,१४,११२ नंबर शक्य आहेत, आणि तो नंबर बाइट्समध्ये कसा मांडायचा याची एक पद्धत म्हणजे यूटीएफ-८, जी १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी तयार केली. इंग्रजी अक्षराला १ बाइट, युरोपियन भाषांतल्या चिन्हवाल्या अक्षरांना, ग्रीक, रशियन, अरबी, हिब्रू यांना २, देवनागरी, तमिळ, थाई आणि रोजच्या वापरातल्या चिनी-जपानी अक्षरांना ३, आणि इमोजी, काही दुर्मिळ चिनी अक्षरं, काही ऐतिहासिक लिप्या यांना ४. मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ साली आली, सातव्या आवृत्तीत, आणि तिचं प्रत्येक अक्षर ४ बाइटचं आहे, हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

कुणी म्हणेल की देवनागरीला यूटीएफ-१६ मध्ये (युनिकोडचे नंबर मांडायची दुसरी पद्धत) २ बाइट लागतात आणि इथे ३, मग जागा वाया नाही का जात? नुसता मजकूर बघितला तर हो, जास्त लागते. पण खऱ्या ॲपमध्ये त्या मजकुराभोवती टॅग असतात, जेसनच्या किल्ल्या असतात, लिंका असतात, आकडे असतात, ते सगळं १ बाइटवालं, त्यामुळे फरक बराचसा भरून निघतो. जागेसाठी हा निर्णय फिरवू नका.

उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या अरबी-हिब्रूसाठी डेटाबेसमध्ये वेगळं काही करायचं नसतं, अक्षरं वाचायच्या क्रमानेच साठवली जातात, दिशा दाखवणं हे स्क्रीनचं काम.

पायरी २: आपल्या डेटाबेसमध्ये "खरं" यूटीएफ-८ कुठलं ते ओळखा

इथे नावांनी फसवलेले लोक खूप आहेत.

मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ८ नावाचा जो जुना कॅरेक्टर सेट आहे तो एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट देतो, त्याचं खरं नाव यूटीएफ८एमबी३. म्हणजे मराठी, हिंदी, तमिळ, चिनी सगळं व्यवस्थित चालतं, टेस्टिंग पास होतं, आणि मग सहा महिन्यांनी कुणीतरी कमेंटमध्ये इमोजी टाकतो नाहीतर नावात एखादं दुर्मिळ चिनी अक्षर असलेला माणूस येतो आणि एरर. एरर आली तर नशीब समजा. स्ट्रिक्ट मोड (चुकीचा डेटा नाकारणारी सेटिंग) बंद असेल तर मायएसक्यूएल त्या ४ बाइटवाल्या अक्षरापासून पुढचा सगळा मजकूर कापून टाकतं, नुसती वॉर्निंग देऊन, आणि ती वॉर्निंग कुणी वाचत नाही. म्हणून मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ८एमबी४ घ्यायचं, ते ५.५.३ आवृत्तीपासून उपलब्ध आहे आणि ८.० पासून तेच डिफॉल्ट आहे. त्याआधी डिफॉल्ट लॅटिन१ (पश्चिम युरोपातल्या भाषांपुरता जुना सेट) असायचं, स्वीडिश कोलेशनसकट, त्यामुळे जुन्या सर्व्हरवर बनलेली टेबलं अजून तशीच असू शकतात, सर्व्हर अपग्रेड केला म्हणून टेबलं आपोआप बदलत नाहीत.

ओरॅकलमध्ये पण असाच गोंधळ, तिथे यूटीएफ८ नावाचा जो सेट आहे तो जुना आहे आणि ४ बाइटवाली अक्षरं ६ बाइटमध्ये ठेवतो. घ्यायचा तो एएल३२यूटीएफ८, आणि १२.२ पासून नवीन डेटाबेस बनवताना तोच पुढे येतो.

पोस्टग्रेस सगळ्यात सरळ आहे, त्याचं यूटीएफ८ म्हणजे पूर्ण यूटीएफ-८. पण एन्कोडिंग (म्हणजे हाच कॅरेक्टर सेट) डेटाबेस बनवतानाच ठरतं, नंतर बदलायचं असेल तर डंप (सगळ्या डेटाची फाइल) घेऊन नवीन डेटाबेसमध्ये भरावं लागतं. आणि एसक्यूएल_आस्की नावाचा पर्याय दिसला तर त्याला हात लावू नका, ते नावाला एन्कोडिंग आहे, प्रत्यक्षात तिथे काही तपासणीच होत नाही, कुठलेही बाइट्स आत जातात आणि एकाच कॉलममध्ये तीन वेगवेगळ्या एन्कोडिंगची खिचडी तयार होते, जी नंतर वेगळी करणं फार अवघड.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये साधा व्हारचार (मजकुराचा) कॉलम त्याच्या कोलेशनच्या कोड पेजवर (ठरावीक भाषांपुरता जुना कॅरेक्टर सेट) चालतो, बहुभाषिक डेटासाठी एनव्हारचार वापरायचा, तो यूटीएफ-१६ आहे. क्वेरीत मजकूर थेट लिहिताना कोटच्या आधी मोठा एन लावायला विसरलात तर कॉलम एनव्हारचार असूनही मजकूर आधी कोड पेजमधून जातो आणि प्रश्नचिन्हं होतात, नवीन लोकांची ही नंबर एकची चूक. पॅरामीटर वापरून क्वेरी लिहिली की ही भानगड बरीच कमी होते. २०१९ च्या आवृत्तीपासून व्हारचारलाही यूटीएफ-८ वाली कोलेशन देता येतात.

एसक्यूलाइटमध्ये ठरवण्यासारखं फार नाही, डिफॉल्ट यूटीएफ-८ आहेच, फक्त त्याचं नोकेस कोलेशन इंग्रजीची २६ अक्षरंच ओळखतं हे ध्यानात असू द्या.

पायरी ३: कॉलमची लांबी मोजताना काय मोजलं जातंय ते बघा

"नमस्ते" हा शब्द घ्या. डोळ्याला तीन-चार अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये ते सहा आहेत, न, म, स, हलन्त, त आणि एकाराची मात्रा. यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट. "क्षत्रिय" तर आठ नंबर आणि २४ बाइट. आई, वडील, मुलगी, मुलगा असा चौघांचा एकच कुटुंबाचा इमोजी असतो ना, तो आतून चार इमोजी आणि त्यांना जोडणारे तीन अदृश्य जोडणीचे नंबर असा सातांचा गट आहे, २५ बाइट.

आता व्हारचार १० म्हटलं की दहा काय? मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये दहा नंबर. एसक्यूएल सर्व्हरच्या व्हारचारमध्ये दहा बाइट, एनव्हारचारमध्ये दोन-दोन बाइटच्या दहा जोड्या. ओरॅकलमध्ये तुम्ही काही सांगितलं नाही तर साधारणपणे दहा बाइट, म्हणजे देवनागरीचे फक्त तीन नंबर, नमस्तेचं "नमस" एवढंच मावेल. ओरॅकलवर कॉलम बनवताना लांबीच्या आकड्यानंतर चार (CHAR) हा शब्द लिहायची सवय लावून घ्या, मग तो अक्षरं मोजतो.

नावाच्या कॉलमला कंजुषी करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. वीस-तीसची मर्यादा इंग्रजी नावं डोळ्यांसमोर ठेवून घातलेली असते आणि तिचा त्रास बाकीच्या भाषांच्या लोकांना होतो.

मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्यांवर १९१ हा आकडा दिसेल, कॉलमची लांबी १९१ का बरं? कारण जुन्या रो फॉरमॅटमध्ये इन्डेक्सच्या एका कॉलमला ७६७ बाइटची मर्यादा होती, आणि २५५ गुणिले ४ म्हणजे १०२० होतात, मावत नाहीत, १९१ गुणिले ४ म्हणजे ७६४, मावतात. आता डायनॅमिक रो फॉरमॅटमध्ये ३०७२ पर्यंत जाता येतं, तेव्हा नवीन टेबलात १९१ ची गरज नाही.

पायरी ४: कोलेशन, इथे थांबा आणि विचार करा

आधी हा प्रश्न विचारा की या कॉलमवर मी काय करणार आहे. सगळ्या कॉलमना एकच कोलेशन द्यायचं असा काही नियम नाही.

टोकन, हॅश, फाइलचा पाथ, इंटर्नल कोड असले कॉलम माणसाच्या भाषेतले नाहीतच, त्यांना बायनरी कोलेशन द्या, मायएसक्यूएलमध्ये ज्याच्या शेवटी बिन असतं ते. तुलना बाइटला बाइट होते, जलद होते, आणि मोठं ए आणि छोटं ए एकच समजून चुकीचं टोकन पास होण्याची भीती राहत नाही.

माणसांची नावं, शहरं, लेखांची शीर्षकं, इथे भाषा येते. मायएसक्यूएल ८ चं डिफॉल्ट कोलेशन यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय, यातलं ०९०० म्हणजे युनिकोडच्या तुलनेच्या नियमांची ९.० आवृत्ती, एआय म्हणजे अक्षरावरची चिन्हं दुर्लक्षित, सीआय म्हणजे छोटं-मोठं दुर्लक्षित. सर्चसाठी हे छान आहे, फ्रेंच माणसाने डोक्यावर चिन्ह न देता साधा ई टाइप केला तरी त्याला हवा तो शब्द सापडतो. पण हेच कोलेशन युनिक इन्डेक्सवर असलं की दोन वेगळ्या माणसांची युजरनेम एकच ठरतात आणि दुसऱ्याला नोंदणी नाकारली जाते. नाकारायची की नाही हा तुमचा निर्णय आहे, फक्त तो तुम्ही घेतलेला असावा, डिफॉल्टने नाही.

आपल्या भाषेतलंच उदाहरण बघा. "दऱ्या" म्हणजे डोंगरातल्या, आणि "दर्या" म्हणजे समुद्र. दऱ्या हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो, एक म्हणजे नुक्ता असलेला ऱ वापरून, दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि मग एक अदृश्य जोडणीचं चिन्ह ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. दिसायला दोन्ही सारखे. आता युनिकोडच्या तुलनेच्या नियमात तो जॉइनर धरलाच जात नाही, त्यामुळे जॉइनरने टाइप केलेल्या दऱ्या आणि समुद्रवाला दर्या हे असल्या कोलेशनमध्ये समान ठरतात. शब्दकोशाचं ॲप बनवत असाल तर हा फरक पाहिजेच, तिथे बायनरी कोलेशन घ्या. नुसती सर्च असेल तर समान ठरलेलं उलट बरं, वापरणाऱ्याला कुठला कीबोर्ड मिळालाय त्याच्या हातात नसतं.

मायएसक्यूएलचं जुनं जनरल_सीआय कोलेशन जलद असतं म्हणून अजून सुचवलं जातं. मी सुचवणार नाही. त्यात ४ बाइटवाली सगळी अक्षरं एकमेकांना समान मानली जातात, एक इमोजी शोधला की दुसऱ्याच इमोजीच्या ओळी येतात, आणि मोडीतला मजकूर असेल तर सारख्या लांबीचे दोन मोडी शब्द एकच. ज्या लिपीत लोकांनी शेकडो वर्षं कागद लिहिले ती लिपी डेटाबेसने अशी सपाट करून टाकावी हे मला पटत नाही.

क्रमवारीचं काय? इथे एक गोष्ट मान्य करावी लागते की सगळ्या भाषांना एकाच वेळी बरोबर असा क्रम नसतोच. स्वीडिशमध्ये ओ च्या डोक्यावर दोन टिंब असलेलं अक्षर झेडच्या नंतर येतं, जर्मनमध्ये तेच अक्षर ओच्या जवळ. तुर्कीत टिंबवाला आय आणि बिनटिंबाचा आय ही दोन वेगळी अक्षरं. मराठीत आपण वर्णमाला म्हणताना ळ, क्ष, ज्ञ हे ह च्या नंतर म्हणतो, पण युनिकोडच्या नंबरांत ळ हा ल च्या लगेच पुढे बसलाय. म्हणून कॉलमला सर्वसाधारण युनिकोड कोलेशन ठेवा आणि यादी दाखवताना बघणाऱ्याच्या भाषेप्रमाणे क्वेरीत कोलेट लावून क्रम घ्या. पोस्टग्रेसमध्ये आयसीयूची (युनिकोडचे नियम पाळणारी लायब्ररी) कोलेशन दहाव्या आवृत्तीपासून आहेत, मराठीसाठी एमआर-एक्स-आयसीयू नावाचं मिळतं. डेटा फार असेल तर त्या कोलेशनचा वेगळा इन्डेक्स बनवावा लागेल, नाहीतर सॉर्टला वेळ लागतो.

पोस्टग्रेसची अजून एक गोष्ट, तिथे नेहमीची कोलेशन फक्त क्रम ठरवतात, समान आहे का हे शेवटी बाइट बघूनच ठरतं, छोटं-मोठं दुर्लक्षित करायचं असेल तर बाराव्या आवृत्तीपासून नॉनडिटर्मिनिस्टिक कोलेशन (बाइट वेगळे असले तरी समान मानणारी) आहेत किंवा सिटेक्स्ट हा कॉलमचा प्रकार आहे. आणि ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड करताना सावध. लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत, २०१८ साली, क्रमवारीचे नियम बदलले, जुन्या क्रमाने बनलेले इन्डेक्स नव्या क्रमाने वाचले गेले, आणि असलेल्या ओळी सापडेनात, युनिक इन्डेक्समध्ये डुप्लिकेट शिरले. अशा अपग्रेडनंतर मजकुराचे इन्डेक्स परत बांधायचे.

पायरी ५: कनेक्शन, जिथे बहुतेक जण अडकतात

डेटाबेस बरोबर, टेबल बरोबर, कॉलम बरोबर, तरी कचरा दिसतो, असं झालं की कनेक्शन बघा. ॲप पाठवतंय यूटीएफ-८ आणि कनेक्शन म्हणतंय हे लॅटिन१ आहे, तर मायएसक्यूएल प्रामाणिकपणे त्या "लॅटिन१" चं परत यूटीएफ-८ करतं, म्हणजे दोनदा एन्कोडिंग. वाचताना त्याच चुकीच्या कनेक्शनने वाचलं तर उलटं होऊन बरोबर दिसतं! म्हणून ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते, आणि ज्या दिवशी कुणी दुसऱ्या टूलने टेबल उघडतो त्या दिवशी कळते.

ड्रायव्हरच्या (ॲपला डेटाबेसशी जोडणारा कोड) सेटिंगमध्ये किंवा कनेक्शन स्ट्रिंगमध्ये कॅरेक्टर सेट उघड लिहा. पीएचपीत सेट नेम्सची क्वेरी मारण्यापेक्षा ड्रायव्हरचाच चारसेट पर्याय वापरा, कारण एस्केपिंग करणाऱ्या फंक्शनला पण ते कळायला हवं. ओरॅकलमध्ये क्लायंटची एनएलएस_लँग सेटिंग ही क्लायंट खरोखर जे एन्कोडिंग वापरतो ते सांगण्यासाठी आहे, डेटाबेसशी जुळवण्यासाठी नाही. दोन्ही सारखं ठेवलं की रूपांतरच होत नाही आणि चुकीचे बाइट जसेच्या तसे आत जातात.

शंका आली तर स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, हेक्स फंक्शनने बाइट बघा. "म" हे एक अक्षर टाकून बघा. ई०, ए४, एई असे तीन बाइट आले तर बरोबर. सी३ ए० सी२ ए४ सी२ एई असे सहा आले तर दोनदा एन्कोड झालंय, दुरुस्त होऊ शकतं. ३एफ आलं तर ते प्रश्नचिन्ह आहे, गेलं ते अक्षर.

सीएसव्ही फाइलींचाही इथेच उल्लेख करतो. एक्सेल यूटीएफ-८ ची सीएसव्ही बीओएम (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंग सांगणारी खूण) नसेल तर बऱ्याचदा जुन्या कोड पेजमध्ये उघडतं, आणि बीओएम असेल तर तुमच्या इंपोर्टच्या कोडला पहिल्या कॉलमच्या नावापुढे तीन अदृश्य बाइट मिळतात. दोन्ही बाजू तपासा.

पायरी ६: आत घेतानाच नॉर्मलाइज करा

वर दऱ्याचं बोललो तसंच, एकच अक्षर दोन प्रकारे लिहिता येणं हे युनिकोडमध्ये सगळीकडे आहे. ऱ हा एका नंबरनेही लिहितात आणि र अधिक नुक्ता असाही. एनएफसी नावाचं नॉर्मलायझेशन या दोघांचं एक रूप करतं, मजकूर डेटाबेसमध्ये जायच्या आधी ॲपमध्ये ते करून घ्या. जॉइनरवाला र मात्र एनएफसी बदलत नाही, तो हवा तर स्वतःचा नियम लिहून ऱ मध्ये बदला. पण सगळे जॉइनर सरसकट काढून टाकणारा कोड कधीच लिहू नका, त्याने दऱ्यांचा समुद्र होतो आणि कुटुंबाचा इमोजी फुटून चार सुटी माणसं होतात. पासवर्डसाठी हॅश करायच्या आधी काय करायचं तेही एकदाच ठरवा, नाहीतर फोनवरून टाइप केलेला पासवर्ड लॅपटॉपवरून जुळत नाही.

पायरी ७: जुना डेटा बदलायचा असेल तर

पूर्ण बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या सर्व्हरवर रिस्टोअर करून तिथेच प्रयोग करा. मायएसक्यूएलमध्ये डेटाबेसचा कॅरेक्टर सेट बदलला तर फक्त यापुढे बनणाऱ्या टेबलांवर परिणाम होतो, आणि टेबलचा डिफॉल्ट बदलला तर फक्त नवीन कॉलमवर. आहे तो डेटा बदलायला कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट असंच लिहावं लागतं.

मात्र आधी हेक्स बघा. कॉलम म्हणतोय लॅटिन१ आणि आत खरे बाइट यूटीएफ-८ चे आहेत, अशी परिस्थिती फार सापडते, आणि तिथे सरळ कन्व्हर्ट केलं तर सगळं दोनदा एन्कोड होतं. अशा वेळी कॉलम आधी ब्लॉब किंवा व्हारबायनरी करायचा, म्हणजे डेटाबेस बाइट्सना हात लावत नाही, आणि मग तो यूटीएफ८एमबी४ चा टेक्स्ट करायचा. हे सगळ्या टेबलांवर एकदम चालवू नका, कारण काही ओळी बरोबर आणि काही बिघडलेल्या अशी सरमिसळ असते, ती ओळीगणिक तपासावी लागते. कंटाळवाणं काम आहे, पण करा.

अर्धी टेबलं बदलून थांबू नका. जॉइनच्या दोन बाजूंना वेगळी कोलेशन असली की एकतर इल्लीगल मिक्स ऑफ कोलेशन्स अशी एरर येते नाहीतर इन्डेक्स वापरलाच जात नाही आणि क्वेरी रांगायला लागते. मजकुराच्या कॉलमवर फॉरेन की असेल तर दोन्हीकडे तेच लागतं. ०९०० वाल्या कोलेशनमध्ये शब्दाच्या शेवटची स्पेसही मोजली जाते, जुन्या बहुतेक कोलेशनमध्ये मोजली जात नव्हती, त्यामुळे आधी जुळणाऱ्या ओळी नंतर न जुळण्याची शक्यता असते. आणि मायएसक्यूएल ८.० चा डंप ५.७ वर भरायला गेलात तर त्याला ०९०० माहीतच नाही, तो नाकारेल.

पायरी ८: टेस्टची एक ओळ बनवून ठेवा

माझ्याकडे एक ओळ कायम तयार असते, तिच्यात जोडाक्षर असलेला मराठी शब्द, दोन्ही प्रकारचा दऱ्या, चिन्ह असलेलं फ्रेंच अक्षर, तुर्कीचे दोन्ही आय, अरबीचा एक शब्द, एक ४ बाइटचं चिनी अक्षर, एक मोडी अक्षर आणि कुटुंबाचा इमोजी. ती फॉर्ममधून भरायची, डेटाबेसमध्ये हेक्सने बघायची, एपीआयमधून वाचायची, सीएसव्हीत काढून परत आत घ्यायची, आणि बॅकअप रिस्टोअर करून तिथेही बघायची. प्रत्येक ठिकाणी बाइट तेच असले पाहिजेत. ही टेस्ट ऑटोमेटेड टेस्टमध्ये घाला, म्हणजे पुढे कुणी ड्रायव्हर बदलला, सर्व्हर बदलला, की खऱ्या युजरचं नाव बिघडायच्या आधी ही ओळ बिघडेल.